पालकांच्या विनंतीवरून

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच मजकूर आढळतो : ‘पालकांच्या विनंतीवरून’. वडिलांची बदली झाली, कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं, घराजवळ दुसरी शाळा निघाली, अशा वेळी तो खराही असतो. पण एखादं मूल आपल्याकडे नको असं शाळेने ठरवलं, तरी रकान्यात हेच लिहिलं जातं. पालकांना बोलावून घ्यायचं, ‘तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे वर्तणुकीपुढे आम्ही “चांगली” लिहून देतो, नाहीतर पोराच्या दाखल्यावर शेरा जाईल’ एवढं सांगायचं, की अर्ज मिळतो. अर्जाचा मायनाही पुष्कळदा कार्यालयातूनच सांगितला जातो; खाली सही किंवा अंगठा तेवढा आईचा. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा परत आणली, तरी ही मनाई शाबूत आहे. आणि कागदपत्रं पाहिली तर तिचा भंग कुठे होतच नाही. काढून टाकलेलं मूल दप्तरी येत नाही, येते ती विनंती.

शाळेतल्या शिस्तीवरचा आपला वाद चुकीच्या जागी अडकून पडला आहे, असं मला वाटतं. छडी असावी की नसावी, मास्तर कडक बरा की मवाळ, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलतो आहोत. शिक्षा देण्याचा अधिकार वापरला कसा जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. आरोप काय आहे ते मुलाला सांगितलं का? त्याचं ऐकून घेतलं का? निर्णय कुणी घेतला, कशावरून घेतला, तो लिहून ठेवला का? आणि तो चुकला असं वाटलं तर दाद कुठे मागायची? एखादी शाळा कडक असूनही या कसोटीला उतरेल, आणि ‘आमच्याकडे मुलांना बोटही लावत नाहीत’ असं अभिमानाने सांगणारी शाळा सपशेल नापास होईल.

हे किती महत्त्वाचं आहे ते पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातल्या उरवड्यासारख्या गावाकडे पाहिलं की ध्यानात येतं. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातलं हे गाव ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्याला लागलेल्या आगीमुळे महाराष्ट्रभर माहीत झालं. पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुसंख्य बाया होत्या. प्रांताधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली, मालकांवर गुन्हा दाखल झाला, आणि त्या बातम्यांमधून शहरी वाचकाला कळलं की या शेडमध्ये राबतं कोण. आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या आणि कामासाठी बाहेरून येऊन खोल्या करून राहिलेल्या बाया इथे पाळीवर उभ्या असतात. मुळशी खोऱ्यातल्या शाळांच्या पटावर यांचीच मुलं आहेत. मुलाच्या डायरीत ‘उद्या पालकांना घेऊन येणे’ असा शेरा पडतो तो याच आईसाठी, आणि तिच्यासाठी त्याचा अर्थ एक खाडा. ती गेली नाही तर ‘पालकांना मुलाची पर्वाच नाही’. गेली तर अर्धा दिवस व्हरांड्यात बसून ‘आम्ही तुमच्या मुलाला किती वेळा सांगितलं’ हे ऐकून परत. यात सुनावणी कुठेच नाही, शिक्षा मात्र दोघांना होते.

आता याच पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यातला कायम कामगार घ्या. त्याने साहेबाला उलट उत्तर दिलं, मशिनवर झोपला, अगदी चोरी केली, तरी व्यवस्थापनाला त्याला सरळ घरी बसवता येत नाही. आरोपपत्र द्यावं लागतं, त्याचा खुलासा घ्यावा लागतो, खात्यांतर्गत चौकशी लावावी लागते, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी लागते. एवढं करून बडतर्फ केलं तरी कामगार न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. कंत्राटी कामगाराच्या नशिबी हे नाही, ‘उद्यापासून येऊ नकोस’ या तीन शब्दांत त्याचा निकाल लागतो. पण तो अन्याय आहे हे आपण निदान मान्य तरी करतो, त्यासाठी मोर्चे निघतात. शाळेतलं मूल कायमस्वरूपी कंत्राटी कामगार आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शिक्षकांचंच उदाहरण आणखी जवळचं आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचे संस्थाचालक एके काळी शिक्षकांना मनाला येईल तेव्हा काढत. त्याला लगाम म्हणून १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ मध्ये त्याचे नियम आले. आज शिक्षकावर कारवाई करायची तर आरोप लेखी द्यावे लागतात, खुलाशाला मुदत द्यावी लागते, आणि चौकशी समितीत संस्थेच्या माणसाबरोबर खुद्द त्या शिक्षकाने सुचवलेला एक सदस्य आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधला एक सदस्य बसवावा लागतो. वर शाळा न्यायाधिकरणात अपील. शिक्षक संघटनांनी झगडून हे मिळवलं आणि योग्यच मिळवलं, कारण ज्याच्या हाती भाकरी आहे त्याच्या लहरीवर माणसाची अब्रू ठेवता येत नाही, हे तत्त्व त्यामागे होतं. तेच तत्त्व वर्गाच्या दारात येऊन का थांबतं? आरोप सांगणं, ऐकून घेणं आणि अपील या तीन गोष्टींखेरीज आपल्या नोकरीला हात लावू न देणारा शिक्षक नववीतल्या पोराच्या हाती दाखला ठेवताना त्यातली एकही गोष्ट करत नाही, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

न्यायालयांनी हे तत्त्व विद्यार्थ्यांना लागू करून कितीतरी वर्षं झाली. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने कॉपीच्या आरोपावरून काही विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले तेव्हा, त्यांचं म्हणणं न ऐकता असं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच घनश्याम दास गुप्ता प्रकरणात ठरवलं. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं गेलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८६ मध्ये, न्या. चिन्नाप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने त्यांना परत घ्यायला लावलं. बिजॉय इमॅन्युएल या नावाने तो निकाल ओळखला जातो. मूल शाळेच्या फाटकातून आत जाताना आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून जात नाही, हे इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या निकालाने क्वचितच सांगितलं असेल. आणि अगदी अलीकडचं, पुण्यातलंच : मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’संबंधीची एक पोस्ट पुढे पाठवली म्हणून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला तडकाफडकी काढून टाकलं. तिने पोस्ट लगेच काढली होती, माफीही मागितली होती. तरी अटक झाली आणि परीक्षेच्या तोंडावर ती येरवड्याच्या तुरुंगात होती. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांनी २७ मे रोजी तिला जामीन दिला आणि काढून टाकण्याचा आदेशही स्थगित केला. तिला खुलाशाची संधीच दिली गेली नव्हती, हा त्यातला मुख्य मुद्दा. ती पोस्ट बरी होती की वाईट हा वाद चालू द्या. महाविद्यालयाने एक तास खर्चून तिला समोर बसवलं असतं आणि तिचं म्हणणं लिहून घेतलं असतं, तर निर्णय काहीही झाला तरी त्याला निर्णय म्हणता आलं असतं.

ती मुलगी न्यायालयापर्यंत पोचली. सहावीतलं मूल पोचत नाही. उच्च शिक्षणात निदान विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल आहे. शाळेत सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे, १०९८ हा मदतक्रमांक भिंतीवर रंगवलेला आहे. हे सगळं आवश्यकच आहे, पण ते मुलावर कुणी अत्याचार केला तर कुठे सांगायचं यासाठी. मुलावरच आरोप आला तर त्याने काय करायचं, याचं उत्तर त्या भिंतीवर नाही.

आपल्याकडे शिक्षेविषयीची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट शेंगांच्या टरफलांची. दर १ ऑगस्टला ती शाळाशाळांतून सांगितली जाते, आणि सांगताना सगळा भर बाळ टिळकांच्या बाणेदारपणावर असतो. त्या गोष्टीतल्या गुरुजींनी नेमकं काय केलं, याकडे कुणी पाहत नाही. टरफलं कुणी टाकली ते कळेना, म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाला शिक्षा फर्मावली. ही सामूहिक शिक्षा आजही आपल्या शाळांमधली सर्वांत लाडकी शिक्षा आहे : खडू फेकणारा सापडेना, सगळ्यांनी बाकावर उभे राहा, गोंगाट कुणी केला माहीत नाही, सगळ्यांची मधली सुट्टी बंद. सोयीची आहे, कारण तीत पुरावा शोधायला लागत नाही. पण तीतून वर्गाला जे कळतं ते असं, की इथे दोषी असण्यानसण्याला काही अर्थ नाही. टिळकांची गोष्ट ऐकून प्रभावित झालेल्या एखाद्या पोराने दुसऱ्याच दिवशी ‘सर, मी नाही केलं, मी उभा राहणार नाही’ असं म्हणून पाहावं. डायरीत ‘उद्धट वर्तन’ असा शेरा येईल.

मारण्याबद्दल मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे, कारण तिथे कायदा अगदी स्पष्ट आहे आणि तरीही तो हरतो. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. गोव्याने त्याआधीच २००३ च्या बालक कायद्यात ती घातली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं, तेव्हा आपल्याला शाळेत कसलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली फक्त नऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आल्याबद्दल दप्तरासह शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी ती मुलगी गेली आणि शिक्षिकेला अटक झाली. त्याच वर्षी जुलैत शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची कपडे काढून तपासणी केल्याचा गुन्हा नोंदला गेला. या दोन्ही घटनांत छडी कुठेच नाही. उठाबशांना आपण मार समजत नाही, झडतीला तर शिक्षाही समजत नाही. दोन्ही ठिकाणी प्रौढांनी एका क्षणी ठरवलं आणि ते तिथल्या तिथे अमलात आलं. मध्ये थांबून ‘असं करायचं का?’ असं विचारणारी दुसरी व्यक्ती, एखादी पायरी, एखादी नोंद नव्हती. बंदीचा कायदा घटना घडून गेल्यावर पोलीस ठाण्यात उपयोगी पडतो. घटना अडवायला मधली पायरी लागते.

शिक्षेचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत केंद्र सरकारचं नागरी हक्क कार्यालय सरकारी शाळांकडून निलंबनाचे आकडे वंशनिहाय मागवतं, म्हणून तिथे कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात निलंबित होतात हे कळलं, आणि कळल्यामुळे त्यावर भांडता आलं. आपल्याकडे असं काही मोजतच नाहीत. पण मुळशीच्या खोऱ्यातलं कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला चार-सहा महिने बाहेर गेलं, की पोराची गैरहजेरी लागत जाते आणि शेवटी ‘सतत गैरहजर’ म्हणून त्याचं नाव पटावरून कमी होतं, हे समजायला सर्वेक्षण लागत नाही. गरिबीचीच ती शिक्षा, हजेरीपटावर तिला बेशिस्त म्हणतात. याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला ढोरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली : मूल शाळेत येऊ शकत नाही ना, मग शाळा कुरणात. अनुपस्थितीचं कारण विचारलं तर उत्तर असं निघतं. न विचारता नाव कापायला फक्त पेन लागतं.

आक्षेपांपैकी सगळ्यांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. त्यात आता एका चापटीसाठी पोलीस ठाणं. गोव्यात एका प्राथमिक शिक्षिकेला दोन लहान मुलींना मारल्याबद्दल झालेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केली. क्षुल्लक गोष्टींवरून शिक्षकांच्या डोक्यावर आरोपांची टांगती तलवार राहिली तर शाळा चालवणं अवघड होईल, असं त्या निकालाचं म्हणणं. शिक्षक संघटना तो निकाल वारंवार पुढे करतात. मला मात्र त्यातून उलटा निष्कर्ष दिसतो. शिक्षकाची भीती कशातून येते? शाळेत लेखी पद्धतच नसल्याने वर्गात काय झालं याबद्दल त्याच्याकडे फक्त त्याचा शब्द असतो. अमुक दिवशी मुलाने काय केलं, त्याला काय विचारलं, तो काय म्हणाला, मग काय ठरलं, अशी चार ओळींची नोंद मुलाच्या सहीसह वहीत असेल, तर खोट्या तक्रारीपासून सर्वांत आधी वाचेल तो शिक्षकच. मुलाला न्याय देणारी पद्धत शिक्षकाच्या विरोधात जाते, हे गृहीतकच तपासून पाहायला हवं. वर्गसंख्येचं गाऱ्हाणं तर पूर्ण खरं आहे. पहिली ते पाचवीला तीस आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हा कायद्यातलाच निकष आहे. तो पाळायचं बंधन सरकारवर आहे. सरकारने तो मोडला म्हणून शिक्षकाने सतरावं कलम मोडायचं आणि हिशेब फेडायचा पोराने, हा न्याय कुठला?

एवढं सगळं करायला वेळ कुणाला आहे, असंही म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ साली ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्यात हाच युक्तिवाद झाला होता. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाचा तो प्रश्न होता. न्यायालयाने वकील, साक्षीपुरावे वगैरे काही मागितलं नाही. आरोप सांगा, मुलाने नाकारला तर तुमच्याकडे काय पुरावा आहे तो सांगा आणि त्याची बाजू ऐका. हे त्याच ठिकाणी काही मिनिटांत झालं तरी चालेल, असं सांगितलं. मूल दुसऱ्यांना इजा करत असेल तर आधी बाजूला काढा, सुनावणी नंतर घ्या, हेही सांगितलं. वर्गात चाकू घेऊन येणाऱ्या मुलाचं काय, हा हमखास येणारा प्रश्न त्यात निकाली निघतो. उशीर, गृहपाठ, बडबड यांसाठी कुणी सुनावणी मागत नाही. तिथे ‘का रे, उशीर का झाला?’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर येईपर्यंतची उसंत पुरेशी आहे. लेखी पद्धत हवी ती निलंबन, परीक्षेला बसू न देणं, सहलीतून वा स्पर्धेतून वगळणं आणि दाखला देणं अशा शिक्षांसाठी, ज्या मुलाच्या पुढच्या आयुष्यावर वळ उठवतात.

मग आईबापच म्हणतात, ‘मारा, पण शिकवा’. खरंच म्हणतात, आणि गरीब आईबाप जास्त म्हणतात, कारण शिक्षणाखेरीज वर जायचा दुसरा जिना त्यांना दिसत नाही आणि शाळेची मर्जी गेली तर तोही जाईल, ही धास्ती असते. संमती म्हणायची तर आधी नकार देता यायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. त्या समितीच्या बैठका सह्यांपुरत्या न राहता पाळी सुटल्यावर किंवा रविवारी भरल्या, आणि मोठ्या शिक्षेची प्रत्येक नोंद तिच्यापुढे आली, तर हेच पालक काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असेल. विनाअनुदानित शाळांना ही समितीही लागू नाही. उरवडे-पिरंगुट पट्ट्यात, पुण्याच्या सगळ्याच वाढत्या कडांना, नव्या शाळा निघताहेत त्या बहुतेक याच प्रकारच्या. तिथल्या मुलाला अपील हवं असेल तर ते पौडला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे असावं, ठरलेल्या मुदतीत निकाल लागावा, आणि तोवर मूल वर्गातच बसावं. वर्षाच्या मध्ये दिलेल्या प्रत्येक दाखल्यामागे केंद्रप्रमुखाने पालकांना एकदा फोन करून ‘अर्ज तुम्ही मनाने दिला का?’ एवढं विचारावं. याला निधी लागत नाही.

सगळ्यांत मोठं भोक मात्र नववीत आहे. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण आठवीला संपतं, आणि बरोबर तिथूनच शाळेला दहावीच्या निकालाची चिंता लागते. कच्च्या मुलाला नववीत नापास करायचं, किंवा ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस’ असं समजावायचं, की तो शाळेच्या निकालातून वजा होतो. कारण म्हणून वर्तणूक, गैरहजेरी, अपूर्ण वह्या असं काहीही सांगता येतं; चौदा-पंधरा वर्षांच्या पोराकडून असं कारण मिळणं कधी अवघड नसतं. इथे शिस्त हे निव्वळ निमित्त आहे. सोळाव्या कलमासारखी मनाई दहावीपर्यंत नेणं हे विधिमंडळाचं काम आहे आणि ते केव्हा होईल ते होईल. तोवर, ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा फलक फाटकावर लावणाऱ्या शाळेने दोन वर्षांपूर्वी नववीच्या पटावर किती मुलं होती तो आकडाही त्याच फलकावर लिहावा, एवढं बंधन घालायला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरेल.